सासूबाईंची चुकलेली चुणी

लग्न झाल्यापासून मी नवऱ्याच्या दोन पावलं मागे चालते. खोऱ्यातल्या लोकांना वाटतं, ऐल्सा जुन्या वळणाची आहे, नवऱ्याचा मान राखते. आमचे पाद्री मिस्टर टॉश यांनी तर एका रविवारी प्रवचनात माझा दाखला दिला. नाव घेतलं नाही, पण सगळ्या बाकांवरच्या माना माझ्याकडे वळल्या आणि मीही लाजल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर नवऱ्याच्या मानापानाशी मला काही देणंघेणं नाही. रॅनल्डच्या किल्टवर, म्हणजे आमच्याकडचे पुरुष कमरेला घालतात त्या चुणीदार घागऱ्यावर, मागच्या बाजूला, डाव्या अंगाला, एक चुणी चुकलेली आहे आणि ती समोर असली की मला दुसरं काही दिसत नाही.

एका चुणीचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही किल्ट शिवत नाही म्हणून म्हणाल. किल्टला पुढे दोन सपाट पदर असतात, एकावर एक; चुण्या सगळ्या मागे. आठ वार कापड एका माणसाच्या पाठीमागे बसवायचं, आणि असं बसवायचं की टार्टनचे, म्हणजे त्या चौकड्यांच्या नक्षीचे, चौकोन कुठेही मोडता कामा नयेत. लांबून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की या कापडाला कधी घडीच पडली नाही. त्यासाठी प्रत्येक चुणीच्या पोटात नक्षीचा एक अख्खा चौकोन जावा लागतो, ना कमी ना जास्त. एक चुणी केसभर सरकली की पुढची दोन केस सरकते, आणि तिच्या पुढचीचं तर विचारूच नका. आमच्या धंद्यातल्या बायका रविवारी चर्चला जातात त्या मुख्यतः आठवडाभर तोंडातून निघालेल्या शब्दांची माफी मागायला.

रॅनल्डच्या किल्टचं कापड गडद हिरवं-निळं आहे आणि त्यातून एक बारीक पिवळी रेघ जाते. ती मागच्या बाजूला ठरलेल्या जागी, शिस्तीत दिसते. डाव्या अंगाच्या त्या एका चुणीवर मात्र ती बोटभर बाजूला जाऊन उभी आहे, रांग सोडून गप्पा मारायला गेलेल्या पोरासारखी.

आणि हा किल्ट शिवला कोणी? माझ्या सासूबाईंनी, मिसेस युफेमिया पिटकेथ्ली यांनी, आमच्या लग्नासाठी. मला हा धंदा शिकवला तोही त्यांनीच. मी डंडीहून लग्न होऊन इथे आले तेव्हा मला बटणसुद्धा धड लावता येत नव्हतं. सासूबाईंनी मला शेजारी बसवून शिकवलं आणि तेव्हापासून आजपर्यंत मी शिवलेल्या प्रत्येक किल्टच्या पाठीवरून त्या अंगठा फिरवतात आणि एकच शब्द बोलतात, "चालेल." एडिनबराच्या एका बड्या घराण्यातून निरोप आला होता की असा किल्ट आम्ही जन्मात पाहिला नाही. सासूबाई म्हणाल्या, त्यांनी कमी पाहिले असतील.

इतक्या वर्षांत मी त्यांना अजून मिसेस पिटकेथ्लीच म्हणते. आता मीही मिसेस पिटकेथ्लीच आहे, त्यामुळे दारात कोणी ते नाव घेतलं की आम्ही दोघी एकमेकींकडे संशयाने बघतो.

त्या चुणीबद्दल मी त्यांना पहिल्यांदा बोलले ते लग्नाच्या वर्षीच. त्या म्हणाल्या, उजेड बरोबर नाही. पुढे म्हणाल्या, चुणी बरोबर आहे, रॅनल्ड वाकडा उभा राहतो. मग मी रॅनल्डला दाराच्या चौकटीला टेकवून उभा करून दाखवला, तेव्हा म्हणाल्या की हे घर वाकडं आहे. एकदा तर म्हणाल्या, सगळ्या जगाचे डोळे पुढे असतात, तुझेच कसे मागे गं. मला त्यांच्याकडून दुसरं काही नको होतं. त्यांचं घर नको होतं, चांदीचे चमचे नको होते. मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, त्यांनी माझ्या तोंडावर म्हणावं की पोरी, ती चुणी चुकली. तेवढ्यासाठी मी आयुष्यभर त्यांचा दलिया ढवळायला तयार होते, आणि ढवळतही होते.

या वर्षी रॅनल्ड आमच्या खोऱ्यात दरवर्षी भरणाऱ्या खेळांचा मानकरी झाला. हा मान म्हणजे जहागीरदारांचा. पण एक जहागीरदार पोर्तुगालला जाऊन राहिले, दुसरे गुडघे बदलायला गेले, आणि तिसरे वारले ते समितीला सभेच्या मध्येच आठवलं. शेवटी कोणीतरी म्हणालं की शाळेची बस चालवणाऱ्या रॅनल्डला खोऱ्यातला प्रत्येक माणूस ओळखतो, कारण प्रत्येकजण कधी ना कधी त्याच्या बसमध्ये ओकलेला आहे. ठरलं.

खेळांच्या दिवशी मानकरी सगळ्यात पुढे चालतो. त्याच्या मागे खोऱ्यातली सगळ्यात म्हातारी व्यक्ती, म्हणजे या वर्षी सासूबाई, चाकाच्या खुर्चीत. तिच्या मागे बँड, आणि बँडच्या मागे सगळं खोरं. म्हणजे झाडून सगळी माणसं मैदानापर्यंत माझ्या नवऱ्याचा पार्श्वभाग बघत चालणार. आणि मी किल्ट शिवणारी. मला घाम फुटला.

त्यात रॅनल्डचं पोट वाढलेलं. किल्ट सासूबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी पेटीत, कापराच्या वड्यांमध्ये असतो. रविवारी चर्चला, सणाला, लग्नाला बाहेर निघतो आणि संध्याकाळी परत आत जातो. माझ्या हातात तो कधी आलाच नव्हता. पण आता बक्कल लागेना. सासूबाईंनी रॅनल्डला श्वास आत ओढायला लावला, मग बाहेर सोडायला लावला, आणि शेवटी तो किल्ट माझ्या हातात देत म्हणाल्या, "बक्कल सरकव. फक्त बक्कल."

मी म्हटलं, "फक्त बक्कल."

सासूबाईंचं कंबरेचं हाड मोडल्यापासून त्या जिना चढत नाहीत आणि माझी शिवणाची खोली वर आहे. मी दार लावलं, बक्कल सरकवलं, मग खिडकीशी बसून ती चुणी उसवायला घेतली. इतक्या वर्षांचा शत्रू शेवटी हातात सापडला होता.

चुणी उघडली तर तिच्या पोटात एक जोड होता. त्यात नवल नव्हतं, आठ वार कापडात जोड बहुतेक वेळा असतोच आणि तो चुणीच्या पोटातच लपवतात. मी रेघ जागेवर आणली. त्यासाठी शेजारच्या चुणीकडून थोडं कापड उसनं घेतलं. खडूने खूण केली, कच्चा टाका घातला, लांब जाऊन पाहिलं. ती चुणी अगदी नाकासमोर उभी होती. शेजारची बोटभर सरकली होती.

मग शेजारची उसवली. तिने तिच्या शेजारणीकडून घेतलं. चूक एक घर पुढे गेली. असं करत करत मी त्या चुकीच्या मागे सगळ्या पाठीवर फिरले. दुपारी ती बरोबर माकडहाडावर होती. दुसऱ्या दिवशी उजव्या अंगाला गेली, आणि तिसऱ्या दिवशी उजवी बाजू ओलांडून थेट पुढच्या पदरावर येऊन बसली. पुढे तर चुण्याच नसतात. तिथे पिवळी रेघ बेंबीच्या सरळ खाली यायला हवी, ती कुशीकडे कलली, आणि आमचा धडधाकट रॅनल्ड खालून तिरळा दिसायला लागला.

खालून आवाज आला, "बक्कल उसवायला इतका वेळ?"

मी म्हटलं, गंजलंय.

"पितळेचं बक्कल गंजलं?"

चूक परत मागे हाकलत हाकलत नेली.

गुरुवारी मिस्टर टॉश आले ते खेळांच्या आधीची प्रार्थना किती लांब असावी हे रॅनल्डला विचारायला. मी त्यांना सोडलं नाही. रॅनल्डला मी शिवणाच्या टेबलावर उभा केला होता, अंगावर बनियन, खाली कच्च्या टाक्यांचा किल्ट, आणि त्याला सांगितलं होतं की शिंकायचं नाही. मिस्टर टॉशना मी त्याच्या मागे गुडघ्यांवर बसवलं आणि म्हटलं, तुम्ही या धंद्याला परके आहात, तुमच्या डोळ्याला काही सवय नाही, तुमची नजर कुठे अडखळते ते सांगा. त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ ते माझ्या नवऱ्याच्या मागच्या बाजूकडे भक्तिभावाने बघत राहिले. मग म्हणाले, "मिसेस पिटकेथ्ली, मला वाटतं..."

"काय?" खालून सासूबाई.

"तुम्ही नाही, मिसेस पिटकेथ्ली," मिस्टर टॉश म्हणाले.

"मग माझ्या घरात दुसरी मिसेस पिटकेथ्ली कोण?"

मिस्टर टॉश आवाज बारीक करून मला म्हणाले की नजर मधोमध अडखळते. मी मधली सरकवली. मग म्हणाले, आता जरा उजवीकडे. उजवीकडची सरकवली. मग पुन्हा मधोमध. त्यांचे गुडघे भरून आले तरी ते उठेनात, त्यांनाही आता चटक लागली होती. शेवटी ते मागे टेकून बसले आणि म्हणाले की चूक जगातून नाहीशी होत नाही, ती नुसती जागा बदलते. हे रविवारी प्रवचनात वापरलं तर माझी हरकत नाही ना, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वापरा, पण कोणाच्या मागे बसून सुचलं ते सांगू नका. रॅनल्ड टेबलावरून म्हणाला की सगळ्यांना त्रास होत असेल तर तो पँट घालून जाईल.

मिस्टर टॉशनी टोपी उचलली आणि ते निघून गेले.

त्यानंतर मी दुसरी युक्ती केली. चूक एका चुणीवर ठेवायचीच नाही, सगळ्यांमध्ये वाटून टाकायची. प्रत्येकीने केसभर सोसायचं. कागदावर फार सुंदर दिसलं. टाके घालून लांब जाऊन पाहिलं तर एकही चुणी चुकलेली नव्हती आणि सगळा किल्ट प्यालेला होता. बघता बघता मला मळमळायला लागलं. रॅनल्डला विचारलं, कसं वाटतं? तो म्हणाला, मला मागचं दिसत नाही गं. इतक्या वर्षांत हे माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं की या घरातला हा एकच माणूस सुखी आहे आणि त्याचं कारण एवढंच आहे.

मग शेवटचा उपाय. रेघा सगळ्या जागच्या जागी ठेवायच्या आणि कमी पडणारं कापड एकाच चुणीच्या पोटातून काढायचं. म्हणजे वरून ती इतरांसारखीच, आतून उथळ. वरून काहीच दिसेना. रेघ न् रेघ सरळ. मी खुर्चीत बसले आणि रडले, आनंदाने. रॅनल्डने चालून दाखवलं, तेव्हा रडणं थांबलं.

चांगला किल्ट चालताना झुलतो. सगळ्या चुण्या एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे. ही उथळ चुणी मात्र अर्धा ठोका उशिरा येत होती. बाकीच्या परत निघाल्या की ही पोचायची. मी स्वतःची समजूत घातली की हे कोणाला कळणार नाही, आणि खात्री करायला बँडच्या म्होरक्याला, कॉस्मोला, बोलावलं. बँडवाले मानकऱ्याच्या किल्टच्या झोक्यावर पाय टाकतात. डोळे तिथेच असतात, सवयीने. आम्ही घरामागच्या गल्लीत गेलो. रॅनल्ड पुढे, कॉस्मो त्याच्या मागे बॅगपाइप फुंकत. कुंपणापर्यंत ठीक गेलं. नंतर कॉस्मोचा डावा पाय कुठे टाकावा हे त्याला ठरवता येईना. त्याने एक पाय दोनदा टाकला, मग दोन्ही एकदम टाकले, आणि सूर तसाच धरून ठेवून तो सरळ चरात गेला. पलीकडे गाय होती, ती बराच वेळ चरात बघत उभी राहिली.

कॉस्मो चिखलातून वर आला आणि मला शांतपणे म्हणाला, "ऐल्सा, एक तर ही चुणी, नाहीतर माझा बँड."

शुक्रवार उजाडला. मी सगळा किल्ट उसवला. सगळा. आठ वार कापड खोलीभर पसरलं, पलंगावरून, यंत्रावरून, खिडकीपर्यंत, आणि मी हातांगुडघ्यांवर बसून टेप लावून मोजायला लागले, जे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. जोडाशी आल्यावर कळलं. जोड म्हणजे दोन तुकडे एकत्र केलेले नव्हते. अख्ख्या कापडातून वीतभर तुकडा मधूनच कापून काढला होता आणि उरलेली दोन टोकं पुन्हा जोडली होती. एका चुणीचं पोटच गायब होतं.

मी तिथेच जमिनीवर बसून हसले. सापडली. वीतभर कापड चुकीचं कापलं बाईंनी, तेही ऐन लग्नाच्या किल्टचं, आणि मग झाकायला जोड दिला. जिने मला एक टाका तिरका गेला म्हणून अख्खी पाठ उसवायला लावली, ती. मी ते आठ वार कापड खांद्यावर टाकलं आणि जिना उतरले. मागून कापड पायऱ्यांवरून सरपटत येत होतं.

सासूबाई खिडकीशी खुर्चीत बसून ओटकेक, म्हणजे ओटचं कडक बिस्किट, खात होत्या. माझ्याकडे बघितलं, कापडाकडे बघितलं, हातावरचे कण झटकले.

"फक्त बक्कल," त्या म्हणाल्या.

मी जोड त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "हे तुम्ही चुकीचं कापलंत."

"कापलं. चुकीचं नाही."

"मिसेस पिटकेथ्ली, चुणी चुकलेली आहे. एवढं तरी म्हणा."

"चुकलेलीच आहे," त्या म्हणाल्या. "मी काय आंधळी आहे?"

झालं. जे ऐकायला मी इतकी वर्षं जीव टाकला ते त्या ओटकेकचा तुकडा तोंडात टाकत टाकत बोलून मोकळ्या झाल्या. मी थांबले, काहीतरी वाटेल म्हणून. काहीच वाटलं नाही. मी विचारलं की मग इतकी वर्षं का नाही सांगितलं?

"तू विचारलंस कधी? तू मला सांगत होतीस. उजेडात सांगत होतीस, चौकटीला टेकवून सांगत होतीस. विचारलं कधीच नाहीस."

मग मी विचारलं. पहिल्यांदा. म्हटलं, का कापलंत?

त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला, जसा त्या माझ्या कामावरून फिरवतात. म्हणाल्या, "लग्नात तुझ्या खांद्याला मी काय टाचलं होतं?"

आमच्याकडे पद्धत आहे. लग्न लागलं की नवऱ्याच्या घरची बाई पुढे येते आणि सुनेच्या खांद्याला घरच्या टार्टनचं फूल करून टाचते. त्यानंतर सून घरची. माझंही फूल आहे, कपाटात ठेवलेलं, हिरवं-निळं, मधून पिवळी रेघ. मला वाटायचं, उरलेल्या चिंध्यांतून केलं असेल.

"चिंध्या नव्हत्याच," सासूबाई म्हणाल्या. कापड मोजून आणलेलं, आणि विणणाऱ्याच्या मागावर पुढच्या कापडाचे धागे लागले त्यात हिरवा वेगळाच उतरला होता, पालकाच्या भाजीसारखा. त्यांचा विचार होता की फूल नंतर सावकाश करू, लग्नात माझ्या माहेरचं कोणीतरी काहीतरी लावेलच. मग लग्नाच्या आदल्या दिवशी रॅनल्डने त्यांना सांगितलं की डंडीहून कोणीच येणार नाही. माझ्या वडिलांनी पत्र पाठवून कळवलं होतं की आमच्यासाठी मुलगी मेली. हे कोणाला सांगू नको म्हणून मी रॅनल्डला शपथ घातली होती.

"शिवून तयार होता किल्ट," त्या म्हणाल्या. "बिनचूक. माझ्या हातून इतकं चांगलं काम आधी झालं नव्हतं, नंतरही नाही. तो उसवला आणि तुझं फूल काढलं. आता तू भर चर्चमध्ये रिकाम्या खांद्याने उभी राहणार, आणि मी काय, पालकाच्या रंगाची चिंधी लावणार होते माझ्या सुनेला?"

कापड माझ्या खांद्यावरून घसरत होतं, ते मी धरून ठेवलं.

"एक चुणी चुकणार होतीच. ती कुठे ठेवायची एवढंच माझ्या हातात होतं," त्या म्हणाल्या. "मी डावीकडे ठेवली. बायको नवऱ्याच्या डाव्या बाजूला चालते. म्हटलं, ही जन्मभर त्याच्या डाव्या हाताला असणार, हिच्या अंगाआड झाकली जाईल, कोणाला दिसणारसुद्धा नाही. मला काय माहीत, ही बया पहिल्याच रविवारी मागे जाऊन नवऱ्याचं ढुंगण बघत चालणार?"

घरात रॅनल्ड कुठेतरी रेडिओ लावत होता. सासूबाईंनी खुर्ची टेबलाकडे वळवली आणि म्हणाल्या की मी अशी खांबासारखी उभी राहिले तर त्यांचा मुलगा उद्या खरंच पँट घालून जाईल.

मग आम्ही दोघी बसलो. मी चुण्या घालत होते आणि त्या टाके घालत होत्या. त्यांची बोटं वाकडी झालीत, पण टाका अजून मुंगीच्या पावलाएवढा पडतो. ती चुणी आली तेव्हा मी थांबले. मी पिवळी रेघ बोटभर सरकवून डावीकडे ठेवली, होती तिथेच, आणि त्यांनी ती पक्की केली. रॅनल्डने जेवायला डबाबंद सूप गरम केलं, करपवलं आणि आम्ही ते खाल्लं. दिवस मावळायच्या आधी किल्ट इस्त्रीखालून निघाला. मी त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पाठीवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

"चालेल," त्या म्हणाल्या.

शनिवारी मैदानावर चिलटं इतकी होती की प्रार्थनेच्या वेळी सगळे जण हात जोडायचे सोडून स्वतःलाच चापट्या मारत होते. मिस्टर टॉशनी प्रार्थना त्यामुळे आखूड केली. रॅनल्ड पुढे जाऊन उभा राहिला, हातात मानकऱ्याची काठी. त्याच्या मागे सासूबाईंची खुर्ची, ती ढकलायला मिस्टर टॉश, त्यांच्या मागे कॉस्मो गाल फुगवून तयार, आणि पार रस्त्यापर्यंत सगळं खोरं. माझी जागा सवयीने खुर्चीच्या आणि रॅनल्डच्या मध्ये, दोन पावलं मागे. तिथे मी उभी राहिले. चुणी समोरच होती. पिवळी रेघ रांग सोडून उभी होती, आणि तिच्या पोटातलं कापड माझ्या फुलात गेलेलं होतं.

कॉस्मोने सूर लावला. मी पुढे गेले आणि रॅनल्डच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले.

तो दचकला. म्हणाला, "काय झालं? पाय दुखतोय का?"

मी म्हटलं, काही नाही, चाल. मी त्याच्या हातात हात घातला. तो कसा चालतो हे मी जन्मभर बघितलं होतं, पण बाजूने चालायला लागल्यावर माझं पाऊल त्याच्याशी जुळेना. तो लांब टांगा टाकतो. पहिल्या काही ढांगा मी अर्धवट पळतच होते. आणि मागे काय चाललंय हे मला दिसत नव्हतं. चुण्या झुलतायत का, रेघा सरळ आहेत का, काही कळायला मार्ग नव्हता. माझी मान वळायला लागली.

"पुढे बघ," मागून सासूबाई म्हणाल्या.

मी पुढे बघितलं. समोर मोकळं मैदान होतं, तंबू होते, पलीकडे डोंगर. रॅनल्डचा हात गरम होता आणि त्याला बसच्या डिझेलचा वास येत होता. तोही मला नवीन होता, कारण मागून वास येत नाही.

मैदानाच्या मध्यापर्यंत आलो असू. मागे खुर्चीची चाकं गवतातून कुरकुरत होती.

"पोरी," सासूबाई म्हणाल्या, "अजून जवळ सरक. दिसतेय."

मी सरकले.